जाम नट-बोल्ट: जुन्या ट्रॉली, ट्रॅक्टर, जीपचे दरवर्षी तेच का अडकतात आणि कसे काढावेत

आखाजी (अक्षय्य तृतीया) उरकली की रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात ट्रॉल्या आणि जुने ट्रॅक्टर खोलायला निघतात. खरिपाआधी पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), बुश (जोडातलं अस्तर), हूक बघून घ्यायचे असतात. पहिला नट हलत नाही, दुसऱ्याचे कोपरे गोल होतात, तिसऱ्याला पान्यावर पाइप चढवून जोर दिला की बोल्टचं डोकं तुटून हातात येतं. मागच्या वर्षीही बहुधा हेच तीन नट नडलेले असतात.

तेच नट पुन्हा का अडकतात, ते आधी बघू. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये फट असते ती केसाएवढी. तिथे गंज धरला की तो फुगतो आणि पाचर ठोकल्यासारखा बसतो. केळीच्या पट्ट्यात त्यात पोटॅशची भर पडते. पांढरं पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आणि लोखंडाच्या बाबतीत त्यातलं क्लोराइड मिठातल्यासारखंच वागतं. फुटक्या गोणीतली पूड फळ्यांच्या फटीतून चॅसीवर पडते, काळ्या मातीचा लगदा तिला धरून ठेवतो आणि पावसाळी हवेत ती ओल धरते. वरून रंग शाबूत दिसतो, खाली यू-बोल्टचा (पाटे ॲक्सलला बांधणारा यू आकाराचा बोल्ट) नट पापुद्रे सुटलेला असतो. शिवाय गेल्या वर्षी तो नट कोरडाच परत आवळलेला असतो. तिथेच पुढच्या वर्षीची सोय होते.

हलत नाही म्हणजे नेमकं काय होतंय

हात लावण्याआधी पाच मिनिटं बघण्यात घालवा. सगळे जाम नट गंजाचे नसतात आणि उपाय वेगवेगळे आहेत.

नट दगडासारखा घट्ट आहे आणि भोवती तांबडी पूड आहे, तर तो साधा गंज. नट अर्धा फेरा सुटतो आणि मग अडतो, तर बाहेर आलेले आटे घाणीने भरलेत किंवा ठोकून वाकलेत. अशा वेळी जोर लावणं हीच मोठी चूक. पाना फिरतो, पण सोडला की रबरासारखा मागे येतो, तर बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीला चिकटलाय. ॲल्युमिनियमच्या भागात, म्हणजे थर्मोस्टॅटचं झाकण किंवा अल्टरनेटरचा ब्रॅकेट अशा ठिकाणी, पांढरी भुकटी दिसते. तिथे दोन धातूंची आपसातली खाणाखाणी चाललेली असते. आणि ‘नटबी फिरस, बोल्टबी फिरस’ ही तक्रार असेल तर डोक्याकडून दुसरा पाना धरायचा राहिलाय. डोकं चॅसीच्या आत असेल तर ते व्हाइस ग्रिपने धरा किंवा वेल्डिंगचा एक टाका मारून अडवा.

उलटे आटेही असतात. विलीजच्या आराखड्यावरच्या जुन्या जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे मिळतात. काही जुन्या ट्रकांतही तेच. स्टडच्या (बिनडोक्याचा, आत बसवलेला बोल्ट) टोकावर ‘एल’ अक्षर किंवा नटाच्या कोपऱ्यांवर खाच आहे का, ते आधी पुसून बघा. पाइपावर उभं राहून आवळत बसलेली माणसं काही कमी नाहीत.

पाना बरोबर आहे का

डोकं गोल होतं ते बहुतेक वेळा गंजामुळे नाही, पान्यामुळे. जुनी जीप आणि बी-२७५ सारखे जुने ट्रॅक्टर इंची मापाचे आहेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. त्यावर १३ चा पाना बसतो, पण ०.३ मिमी ढिला. मोकळ्या नटाला चालतं, जाम नटाचे कोपरे तो खाऊन टाकतो. ९/१६ इंच म्हणजे १४.२९ मिमी. त्यावर १४ चा चढत नाही आणि १५ चा ढिला पडतो. ३/४ इंच मात्र १९.०५ मिमी असल्यामुळे १९ चा चालून जातो, ५/८ ला १६ चा चालतो, ७/१६ ला ११ चा. झेटर घराण्यातले एचएमटी ट्रॅक्टर मेट्रिक, म्हणजे मिमी मापाचे आहेत, तिथे हा घोळ नाही. पण गाडी तीस वर्षांची असेल तर मधे कुणी कुठला बोल्ट टाकलाय याची खात्री नसते. म्हणून प्रत्येक डोकं मोजा.

जाम नटाला फिक्स पाना लावू नका. सहा कोपऱ्यांची गोटी (सॉकेट) घ्या. बारा कोपऱ्यांची गोटी कोपऱ्याच्या टोकाला धरते, सहाची सपाट बाजूला धरते. गंजाने नट बारीक झाला असेल तर एक माप लहान गोटी हातोडीने ठोकून बसवा. १९ च्या गंजलेल्या नटावर १८ ची गोटी ठोकून बसते आणि घट्ट धरते.

पाइप किती लांब घ्यायचा, हे बोल्टच्या जाडीवर ठरवा. ६० सेंटिमीटरच्या पाइपावर २० किलोचा जोर दिला तर जवळपास ११८ न्यूटन-मीटर होतात. ८.८ दर्जाचा (हा ताकदीचा आकडा) ८ मिमीचा बोल्ट मुळात २५ च्या आसपास आवळलेला असतो, ३५ च्या पुढे तो पिळवटायला लागतो. १० मिमीचा ४५ ते ५० ला, १२ मिमीचा ८० च्या आसपास आवळलेला असतो. म्हणजे १६ मिमीच्या यू-बोल्टला पाइप हवाच, पण ८ मिमीच्या बोल्टवर तोच पाइप चढवला की तो तुटणार हे ठरलेलं. लहान बोल्टला हाताचाच जोर, तोही पाना आखूड धरून.

क्रम

आधी सफाई. नटाच्या बाहेर आलेले आटे तारेच्या ब्रशने चमकेपर्यंत घासा आणि फटीतली माती टोच्याने कोरून काढा. नट सुटल्यावर याच आट्यांवरून बाहेर येणार आहे. ते घाण राहिले तर सुटलेला नट मधेच रुततो आणि आटे खरवडले जातात. बाहेर आलेला भाग मोठा आणि खराब असेल तर सरळ ग्राइंडरने कापून टाका, नट तेवढाच कमी प्रवास करेल. या पायरीला दहा मिनिटं लागतात आणि बहुतेक लोक हीच वगळतात.

मग तेल. डब्ल्यूडी-४० हे मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेलं आहे. हलक्या गंजाला ते पुरतं, पण मुरलेल्या गंजासाठी खास झिरपणारं तेल घ्या. ते नसेल तर एसीटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल समसमान मिसळा. ५० मिली अधिक ५० मिली एवढं एका ट्रॉलीला पुरतं. एका ॲक्सलच्या पाटेवाल्या ट्रॉलीत यू-बोल्टचे ८ नट, दोन ॲक्सलच्या ट्रॉलीत १६. मिश्रण एकजीव राहत नाही, प्रत्येक वेळी हलवून वापरा. काचेच्या किंवा पत्र्याच्या बाटलीत ठेवा, एसीटोन रंग आणि बरंचसं प्लास्टिक खातं.

इथे खानदेशच्या उन्हाळ्याचा हिशेब येतो. एसीटोन ५६ अंशांना उकळतं. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात दुपारी उन्हातल्या लोखंडाला हात लावता येत नाही. तिथे टाकलेलं मिश्रण आट्यांत शिरण्याआधीच उडतं. म्हणून संध्याकाळी, लोखंड निवल्यावर टाका. रात्री झोपण्याआधी पुन्हा एकदा, पहाटे पुन्हा. दोन रात्री मिळाल्या तर दोन. तेल वरून टाका, जिथून ते खाली उतरेल. यू-बोल्टच्या खालच्या नटाला खालून फवारलं तर अर्धं तुमच्या बाहीत जातं.

मग ठोका. बोल्टच्या डोक्यावर सरळ, अक्षाच्या दिशेने, अर्धा-एक किलोच्या हातोड्याने आठ-दहा नेमके ठोके. नटाच्या प्रत्येक सपाट बाजूवरही ठोका, समोरच्या बाजूला दुसरा जड हातोडा टेकवून. गंज ठिसूळ असतो, धक्क्याने तडकतो आणि तेलाला वाट मिळते. आट्यांच्या टोकावर मात्र उघडा हातोडा मारू नका. टोक फुलतं आणि मग नट तिथून बाहेर येत नाही. जुना नट टोकाशी बरोबरीने चढवून त्यावर मारा.

आता पाना लावा, आणि आधी आवळायच्या दिशेने थोडा दाब द्या. अगदी किंचित हलला की गंजाची पकड मोडते. मग सोडा. अष्टमांश फेरा सुटला की पुन्हा थोडा मागे, तेल, पुन्हा पुढे. कर्र असा कोरडा आवाज आला की थांबा आणि तेल टाका. पाना मऊ, स्प्रिंगसारखा लागायला लागला आणि आवाज नाही, तर बोल्ट सुटत नसून पिळवटतोय. त्या क्षणी हात काढा. तुटण्याआधीची ही एकच खूण मिळते.

आग

तेल आणि ठोके यांनी भागलं नाही तर उष्णता, आणि ती नटाला द्यायची, बोल्टला नाही. १२ मिमीच्या नटाचं तापमान ३०० अंशांनी वाढलं तर त्याचं भोक जेमतेम ०.०४ मिमी मोठं होतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण गंजाचा थर तडकायला पुरतं. ज्योत नटाच्या भोवती फिरवत ठेवा. घासून चमकवलेलं पोलाद आधी पिवळसर आणि ३०० अंशांच्या आसपास निळसर होतं, तिथवर बहुतेक नट सुटतात. न सुटल्यास मंद लाल होईपर्यंत. दुपारच्या उजेडात मंद लाली दिसत नाही आणि माणूस गरजेपेक्षा जास्त तापवत बसतो, म्हणून सावलीत किंवा संध्याकाळी करा.

नट गरम असताना मेणबत्ती आट्यांच्या तोंडाशी टेकवा. मेण वितळून आत ओढलं जातं आणि तिथेच वंगण म्हणून राहतं. खर्च दोन रुपयांचा, आणि महागड्या फवाऱ्यांपेक्षा कित्येकदा जास्त कामाचा. तापलेल्या नटावर एसीटोनचं मिश्रण मात्र कधीही टाकू नका, भडका होतो. एकदा तापवून निवू द्यायचं, पुन्हा तापवायचं, असं दोन-तीनदा केलं की हट्टी नटही ढिला पडतो.

काय जवळ नको, ते पक्कं ठरवा. डिझेलची टाकी आणि नळ्या, ब्रेकचे होज, रबरी बुश, टायर. झिंकचा मुलामा असलेला नट तापवताना धूर नाकात जाऊ देऊ नका. काही ब्रेक क्लीनर क्लोरीनवाले असतात. त्याने धुतलेल्या भागाला ज्योत किंवा वेल्डिंग लावलं तर विषारी वायू बनतो, त्यामुळे असा भाग पूर्ण सुकेपर्यंत थांबा. आणि खळ्यात किंवा वाड्यात काम करत असाल तर पऱ्हाट्यांचा ढीग, कडबा दहा-पंधरा पावलं तरी लांब हवा. ग्राइंडरची ठिणगी वाऱ्यावर जाऊन धुमसते आणि तासाभराने पेटते. पाण्याची बादली जवळ ठेवा.

लाल झालेला १०.९ दर्जाचा बोल्ट पुन्हा वापरू नका, त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलेलं असतं. नायलॉनच्या कड्याचा नट तापवला की कडं वितळतं, तो टाकूनच द्यायचा. लाल थ्रेडलॉक (आट्यांना लावायचा डिंक) लावलेला बोल्ट तेलाने सुटत नाही, त्याला साधारण २५० अंशांची उष्णताच लागते.

काही बोल्ट वाचवायचेच नसतात

ट्रॉलीचे यू-बोल्ट या यादीत पहिले. ते ताणून बसवलेले असतात, एकदा काढले की नवेच घालायचे. मग त्यांच्या नटाशी अर्धा दिवस झुंजण्यात अर्थ नाही. ग्राइंडरला १ मिमीची पातळ चकती लावून नटाच्या एका सपाट बाजूवर बोल्टच्या लांबीच्या दिशेने काप घ्या, आट्यांना लागण्याआधी थांबा, छन्नी लावून एक ठोका द्या. नट उकलतो. १६ नटांना दीड-दोन तास पुरतात.

जीपच्या पाट्याच्या डोळ्यातला बोल्टही तसाच. आतल्या नळीला एकदा चिकटला की नट सुटतो, पण बोल्ट बाहेर येत नाही. ठोकून ब्रॅकेट वाकतो, तापवून रबर जळून धूर होतो. ब्रॅकेट आणि बुश यांच्यामधल्या फटीत दोन्ही बाजूंनी कापा. बोल्ट आणि बुश दोन्ही नवे. फटीत ग्राइंडर शिरत नसेल तर हॅक्सॉचं नुसतं ब्लेड कापडात गुंडाळून वापरा, वेळ लागेल.

ब्रेकचा ब्लीडर निप्पल (ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू) आतून पोकळ असतो, जोर दिला की चिमटला जाऊन तुटतो. त्याच्या भोकात अचूक बसणारी ड्रिलची दांडी घालून ठेवा, सहा कोपऱ्यांची गोटी वापरा, हलके ठोका. ब्रेक ऑइल पेटतं, तिथे ज्योत नको. तुटलाच तर व्हील सिलिंडर बदला.

चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच पाव फेरा सुटे करा, हँडब्रेक लावून आणि दोन्ही बाजूंनी लाकडी ओंडके टेकवून. जॅकवरच्या गाडीला पाइप लावून झटके द्यायचे नाहीत.

तुटला, आता आत राहिलेला तुकडा

मॅनिफोल्डचे (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा भाग) स्टड हा याचा हमखास नमुना. रोज तापून निवणारी जागा, त्यामुळे पोलाद थकलेलं असतं.

तुकडा बाहेर डोकावत असेल किंवा पातळीत असेल तर वेल्डिंग हा पहिला पर्याय. तुकड्यावर वायसर ठेवा, भोकातून तुकड्याला वेल्ड करा, मग वायसरवर नट ठेवून आतून भरा. २.५ मिमीची काडी, ७० ते ९० अँपिअर. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार आणि अल्टरनेटरची जोडणी काढा, वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावा, मधे बेअरिंग येणार नाही असा. वेल्डिंगच्या उष्णतेनेच आतला गंज तुटतो, नट हे फक्त धरायचं निमित्त. लाली गेली की मेण लावा आणि पुढे-मागे हलवत काढा. पहिला वेल्ड तुटला तर खचू नका, तिसऱ्या-चौथ्या वेळी निघतो, कारण दर वेळी तुकडा पुन्हा तापलेला असतो.

वेल्डिंग शक्य नसेल तर ड्रिल. तुकडा कानशीने सपाट करा आणि सेंटर पंच बरोबर मध्यावर मारा. या एका ठोक्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. १० मिमीच्या बोल्टला आधी ३ मिमी, मग ५, ७ आणि शेवटी ८.५. कमी वेगाने, तेल टाकत. उलट्या फिरकीचं ड्रिल मिळालं तर तेच घ्या, पुष्कळदा भोक पाडतानाच तुकडा फिरून बाहेर येतो. ८.५ चं भोक मध्यावर पडलं तर आट्यांत फक्त पातळ कवच उरतं. ते टोच्याने सोलून काढायचं आणि १० × १.५ चा (१० मिमी जाडी, आट्यांमधलं अंतर १.५ मिमी) टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, मारायचा. ८ × १.२५ साठी शेवटचं ड्रिल ६.८, १२ × १.७५ साठी १०.२. इंची आट्यांना हे आकडे लावू नका.

भोक एका बाजूला सरकलं आणि आटे गेले तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवा. त्याचा टॅप वेगळा असतो, संचासोबतच येतो.

उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर दुकानदार हमखास पुढे करतो. तो जपून. गंजलेल्या तुकड्यात तो पाचरेसारखा रुततो, तुकडा आणखी फुगवतो, आणि स्वतः तुटला तर त्याच्या कडक पोलादावर साधं ड्रिल चालत नाही. जो बोल्ट पूर्ण ताकद लावूनही सुटला नाही, तो त्याच्या निम्म्या जाडीच्या एक्स्ट्रॅक्टरने कसा सुटेल? जो बोल्ट गंजाने नव्हे, जास्त आवळल्यामुळे तुटलाय, तिथे मात्र तो चालतो.

परत बसवताना

पुढच्या वर्षीचा त्रास इथे ठरतो. भोकातल्या आट्यांत टॅप आणि बोल्टवर डाय (बाहेरचे आटे पाडायचं हत्यार) फिरवून गंज काढा. कॉपर अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारं तांब्याचं मलम) पातळ लावा, आट्यांच्या दऱ्या भरतील इतकंच. वंगण लागलं की तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क (आवळायचा जोर) साधारण एक-चतुर्थांश कमी करा. चाकांच्या नटांना आणि ते जिथे टेकतात त्या उतरत्या कडेला, कंपनीने सांगितलं नसेल तर काहीही लावू नका.

स्टेनलेसचे बोल्ट घालण्याचा मोह टाळा. गंजत नाहीत हे खरं, पण आवळताना आटे एकमेकांना चिकटतात, आणि शेजारचं साधं लोखंड ओलीत लवकर खाल्लं जातं. नटाबाहेर दोन-तीनच आटे दिसावेत. जास्त असतील तर कापा, उरलेल्यांवर ग्रीस थापा.

खत वाहून झालं की ट्रॉली खालून धुवा. पोटॅश पाण्यात सहज विरघळतं, साबण लागत नाही, फक्त धार फळ्यांच्या फटींत आणि पाट्यांवर मारा. विहिरीचं पाणी खारट असेल तर शेवटचा हात गोड्या पाण्याचा. नवे यू-बोल्ट पहिल्या भरलेल्या खेपेनंतर पुन्हा आवळा, पाटे बसतात आणि नट ढिले पडतात.